वाचकांचे प्रश्न : अभियांत्रिकीची पदवी आणि शाखेची निवड

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी झाली. एकाच विद्यापीठात संगणक अभियांत्रिकी, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्स’, यंत्र अभियांत्रिकी आणि पाच वर्षांची दुहेरी पदवी असे पर्याय तिच्यासमोर आहेत. काही ठिकाणी बी.ई., तर काही ठिकाणी बी.टेक. मिळते, त्यानेही गोंधळ वाढतो. निवड कशाच्या आधारे करावी? – एक पालक

उत्तर : बी.ई. की बी.टेक. हा प्रश्न आपण निर्धास्तपणे बाजूला ठेवावा. आयआयटी बी.टेक. देतात, बिट्स पिलानी बी.ई. देते, चार वर्षांच्या या दोन्ही पदव्या नोकरीसाठी आणि उच्च शिक्षणासाठी समकक्ष मानल्या जातात.

शाखेच्या नावाबाबत मात्र असे सरसकट म्हणता येत नाही. खासगी कंपन्या बहुधा विद्यार्थ्याला काय येते ते पाहतात. परंतु सरकारी आणि सार्वजनिक क्षेत्रातील भरतीच्या जाहिरातींत पात्र शाखा नावानिशी दिलेल्या असतात आणि नव्या नावाची शाखा त्या यादीत असेलच असे नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता व डेटा सायन्ससाठी ‘गेट’ या एम.टेक. प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेत स्वतंत्र प्रश्नपत्रिका २०२४ पासून आली, यावरून ही शाखा किती नवी आहे ते कळेल. मुलीचा ओढा अशा नोकऱ्यांकडे असेल, तर मागील दोन-तीन वर्षांच्या जाहिराती प्रवेशाआधीच काढून पाहाव्यात.

त्यानंतर विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून प्रत्येक शाखेचा चारही वर्षांचा अभ्यासक्रम उतरवून घ्यावा. पहिले वर्ष बहुतेक ठिकाणी जवळपास समान असते, त्यामुळे खरी तुलना तिसऱ्या सत्रापासून पुढे करायची. विषयापुढे ३-१-२ असे आकडे दिसतात, त्यांचा अर्थ आठवड्याला तीन तास व्याख्यान, एक तास ट्युटोरियल आणि दोन तास प्रात्यक्षिक असा होतो. व्याख्यान आणि ट्युटोरियलच्या तासाला प्रत्येकी एक क्रेडिट (विषयाचा भार मोजण्याचे एकक), तर प्रात्यक्षिकाच्या दोन तासांना मिळून एक, या हिशेबाने तो विषय पाच क्रेडिटचा ठरतो. असे आकडे शेजारी शेजारी मांडले की नावापलीकडचे बरेच काही उघड होते. डेटा सायन्सच्या अभ्यासक्रमात संख्याशास्त्र आणि रेषीय बीजगणिताला पुरेसे तास नसतील, किंवा संगणक शाखेशी त्याचा फरक तीन-चार विषयांपुरताच असेल, तर केवळ नावासाठी तिकडे जाण्यात हशील नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तशा वेळी मूळ संगणक शाखा घेऊन त्या विषयाची ‘मायनर’, म्हणजे मुख्य शाखेच्या जोडीचा दुय्यम अभ्यासक्रम, करणे अधिक शहाणपणाचे. त्यासाठी साधारणपणे १८ ते २० जादा क्रेडिट मिळवावी लागतात आणि तो भार सहसा तिसऱ्या सत्रानंतर पडतो. यंत्र शाखेची आवड असणाऱ्यालाही हा मार्ग खुला असू शकतो, म्हणून गणित आणि यंत्रे दोन्ही आवडत असतील तर ती शाखा केवळ ‘मागणी नाही’ या ऐकीव कारणावरून खोडून टाकू नये.

मानांकनाची चौकशीही शाखेपुरती करावी. ‘नॅक’ संपूर्ण संस्थेचे मूल्यमापन करते, तर ‘एनबीए’ एकेका अभ्यासक्रमाचे. त्यामुळे एकाच महाविद्यालयात यंत्र शाखेला एनबीए आहे आणि नव्या शाखेला नाही, असे सहज घडते. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला असला, तरी सदस्य देशांमध्ये पदवीला मान्यता मिळवून देणारा हा करार ‘एनबीए’ने मान्य केलेल्या प्रथम श्रेणीच्या (टियर वन) अभ्यासक्रमांनाच लागू होतो. परदेशी जाण्याचा विचार असल्यास ही श्रेणी नक्की विचारावी.

दुहेरी पदवीत बी.टेक. आणि एम.टेक. मिळून सहाऐवजी पाच वर्षे लागतात, हा लाभ खरा. पण पदव्युत्तर शिक्षणाची दिशा त्यात फार लवकर ठरून जाते. चौथ्या वर्षानंतर केवळ बी.टेक. घेऊन बाहेर पडता येते का, याचे उत्तर संस्थेच्या नियमावलीत लेखी पाहावे. शाखाबदलाचेही तसेच. तो पहिल्या वर्षाच्या गुणांवर आणि रिक्त जागांवर अवलंबून असतो, काही संस्थांत तर त्याची सोयच नसते. तेव्हा ‘आधी प्रवेश घेऊ, मग बदलू’ हा हिशेब धरू नये.

प्रश्न : मी पदविका पूर्ण केली असून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेत आहे. बारावीच्या विद्यार्थ्यांच्या तुलनेत मी मागे पडेन का? – एक विद्यार्थी

उत्तर : कार्यशाळा, आरेखन आणि यंत्रहाताळणी यांत आपण बहुधा पुढेच असाल. अडचण येते ती गणितात, कारण तिसऱ्या सत्रात लाप्लास रूपांतर आणि फूरिये श्रेणी समोर येतात, आणि ज्या पहिल्या वर्षाच्या पायावर ते शिकवले जाते, ते वर्ष आपण केलेले नसते. प्रवेशप्रक्रिया चालू असतानाच पहिल्या वर्षाच्या गणिताचे पुस्तक आणून संकलन, आंशिक विकलन आणि विकलक समीकरणे एवढी तीन प्रकरणे उदाहरणांसह सोडवून ठेवावीत. काही विद्यापीठे थेट प्रवेशितांसाठी गणिताचा पूरक विषयही ठेवतात. तो आपल्याला लागू आहे का आणि त्यात उत्तीर्ण होणे बंधनकारक आहे का, हे परीक्षा विभागात विचारून घ्यावे.