अर्धा तास नको, वस्तीची गाडी धरा

लालबागहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं:

"माझं वय ६६. परळच्या चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत राहणारी माझी मैत्रीण गिरणी संपानंतर नवऱ्याबरोबर दापोली तालुक्यातल्या त्यांच्या गावी गेली, ती कायमचीच. आमचं बोलणं कधी तुटलं नाही. मधल्या काळात ती तीनदा माझ्याकडे राहूनही गेली. पण गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या लग्नाला ती आली नाही, कारणही सांगितलं नाही. तेव्हापासून मन खट्टू आहे. फोनवर दर वेळी म्हणते, 'वस्तीच्या गाडीने ये गं, मी फाट्यावर येते.' लग्नाबद्दल मात्र अवाक्षर नाही. डिसेंबरात जावयांच्या गाडीने आम्ही सगळे गणपतीपुळ्याला निघालो आहोत. तेव्हा खेडहून वाकडी वाट करून अर्धा तास तिच्याकडे डोकावून यावं असं मनात आहे. मिस्टर म्हणतात, जी लग्नाला आली नाही तिच्या दारात आपण कशाला जायचं? मी जाऊ की नको?"

ताई, तुमचं मूळ पत्र बरंच मोठं आहे. त्यात हॉल आहे, जेवणावळ आहे, कोण कोण आलं त्याची यादी आहे. मी मात्र त्या अर्ध्या तासापाशी अडले आणि खरं सांगते, मला रागच आला. ती तुमच्याकडे तीनदा राहून गेली. तुम्ही चाळीसहून अधिक वर्षांत तिच्या घरी एकदा तरी गेलात, असं पत्रात कुठेच नाही. आणि आता जाणार ते अर्धा तास, तेही देवाच्या वाटेवर आहे म्हणून.

त्या अर्ध्या तासात काय होईल ते ऐका. मोटार अंगणात लागेल. तुम्ही सगळे उतराल, त्यात पहिल्यांदाच घरी आलेले जावई. ती पदर खोचून जी आत पळेल ती बाहेर येणारच नाही, कारण जावयाला नुसता चहा कसा द्यायचा? पोहे भिजतील, नारळ फुटेल. मिस्टर पडवीत बसून घड्याळ बघतील. तुम्ही आत जाऊन म्हणाल, "अगं, काही करत बसू नकोस." ती म्हणेल, "असं कसं?" बशा रिकाम्या होतील, ती तुमची आणि लेकीची ओटी भरेल आणि गाडी निघेल. एकमेकींकडे धड बघणंसुद्धा होणार नाही. वर खेडपर्यंत मिस्टर ऐकवतील, "बघ, लग्नाबद्दल बोलली का काही?" कधी बोलणार होती ती, पोहे परतताना?

गणपतीपुळ्याला खुशाल जा. तिच्याकडे मात्र वेगळं जा. एकटीने, एसटीने, आणि ती सांगते त्याच वस्तीच्या गाडीने.

तुमचं माहेर-सासर दोन्ही मुंबईचं, म्हणून सांगते. संध्याकाळी तालुक्याहून सुटणारी ही गाडी गावातच मुक्काम करते. ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि उजाडता उजाडता तीच गाडी परत निघते. त्या गाडीतून एकदा उतरलात की रात्रभर कुठे जायची सोय नाही, आणि मला तुमच्यासाठी नेमकं तेच हवं आहे. तुमच्या मैत्रिणीलाही तेच हवं असणार. दर वेळी ती तुम्हाला गाडीसकट सांगते आहे, आणि तुम्ही दर वेळी "बघू" म्हणून फोन ठेवत असाल.

मुंबईहून दापोलीची सकाळची गाडी घ्या. दापोलीला रेल्वे नाही. खेड स्टेशनला उतरूनही पुढे एसटीच धरावी लागते, तेव्हा या वयात सामान घेऊन ती चढउतार नको. पनवेल, पेण, नागोठणे, कोलाड, माणगाव असं करत गाडी जाईल. पुढे काही गाड्या आंबेतवरून मंडणगडला वळतात, काही महाड-पोलादपूर करत खेडवरून जातात. कुठलीही चालेल, फक्त मागच्या चाकावरची सीट घेऊ नका, मधली मागा. तिकीट अर्धंच पडेल. ज्येष्ठांना सवलत होतीच, १७ मार्च २०२३ पासून ती सगळ्याच बायकांना आहे.

दिवस मोडेल, हे कबूल. मोडू दे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पगार थांबले, आणि गिरणगावातल्या कितीतरी बायका चाळीतलं बिऱ्हाड आवरून याच रस्त्याने गावाकडे गेल्या. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती. तुमची मैत्रीणही अशाच एका एसटीत ट्रंक आणि बोचकी घेऊन बसली असणार. तो रस्ता तुम्ही जावयाच्या एसी गाडीत डुलक्या घेत काढावा, हे मला पटत नाही. दर स्टँडवर गाडी थांबेल तेव्हा खिडकीतून नीट बघा, आपली मैत्रीण किती लांब गेली होती ते.

आणि लग्नाचं? विचारा की. पण जेवणं होऊन, भांडी घासून झाल्यावर, दोघींची अंथरुणं शेजारी पडतील तेव्हा. "का नाही आलीस?" असं नको, "तेव्हा काय झालं होतं गं?" असं विचारा. हाताशी पैसे नसतील. घरात कुणी आजारी असेल. त्या हॉलमध्ये नेसून यायला मनासारखी साडी नसेल आणि ते सांगायची लाज वाटली असेल. कदाचित तुमच्याच कुठल्या तरी बोलण्याने ती दुखावली असेल. मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, आणि फोनवर ते कधीच कळणार नाही. ती लगेच बोलली नाही तर रेटू नका. दुसरी रात्र आहेच.

हो, दोन रात्री. मिस्टरांची परवानगी मागू नका, तारीख सांगा. दोन दिवस कुकर त्यांनी लावावा. आज संध्याकाळी तिला फोन करा आणि दापोलीहून वस्तीची गाडी किती वाजता सुटते तेवढं विचारा. दोन रात्री राहणार हेही त्याच फोनवर सांगून टाका, म्हणजे पहिल्याच सकाळी परतीची गाडी गाठायची घाई तुम्हाला सुचणार नाही.