वाढता मधुमेह व रक्तदाब रोखण्यासाठी नगरपरिषद लोकांच्या आहाराबाबत प्रत्यक्षात काय करू शकते?

योगशिबिरे, चालण्यासाठी उद्याने आणि मोफत रक्तशर्करा तपासणी ही यादी आपल्याला कोणीही देईल. माझे म्हणणे एवढेच आहे की, नगरपरिषदेने नागरिकांना पथ्य सांगण्याआधी स्वतःची जागा ती कोणाला आणि कोणत्या अटींवर भाड्याने देते, ते तपासावे.

आमच्या महिला बचत गटाकडे नगरपरिषदेच्या माध्यमिक शाळेचे उपाहारगृह होते. राज्य शासनाने मे 2017 मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, पिझ्झा, बर्गर, शीतपेये यांसारखे पदार्थ हद्दपार करण्याचा निर्णय काढला, तेव्हा आम्हाला फारसे काही बदलावे लागले नाही, कारण मोडाच्या मटकीची उसळ, थालीपीठ, शेंगदाण्याची चिक्की आणि ताक हेच आमच्याकडे मिळत असे. मधल्या सुट्टीची घंटा झाली की उसळीच्या पातेल्याभोवती मुलांची रेटारेटी होई आणि सुट्टी संपेपर्यंत तळाचा रस्सासुद्धा उरत नसे. करार संपल्यावर मात्र निविदा निघाली ती 'सर्वाधिक भाडे देणाऱ्यास' या एकाच निकषावर. उसळ विकून तेवढे भाडे निघत नाही. पाकिटे आणि बाटल्या विकून निघते, कारण त्यांना ना गॅस लागतो, ना भांडी घासणाऱ्या बाईची मजुरी. नव्या ठेकेदाराने शीतपेय कंपनीचा फुकटचा फ्रिज दारातच उभा केला. आम्ही तक्रार घेऊन गेलो, तेव्हा एक पदाधिकारी हसून म्हणाले, "ताई, मुलांना जे आवडते तेच खपणार." त्यांना मला आजही विचारायचे आहे की, मग आमचे पातेले रोज रिकामे कोण करत होते?

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या विनियमांनुसार अतिरिक्त चरबी, मीठ व साखर असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत विकता येत नाहीत. आमच्याकडे नगरपरिषद हे काम अन्न व औषध प्रशासनाचे म्हणून हात झटकते आणि प्रशासनाचा निरीक्षक जिल्ह्याच्या ठिकाणी बसतो. परंतु फाटकाबाहेर कोणी कोठे बसावे, हे 2014 च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीपुढे येते, आणि उपाहारगृहाचा करार तर सर्वस्वी नगरपरिषदेच्या हातचा आहे.

करांबाबत फार आशा ठेवू नये. अमेरिकेतील बर्कली शहराने नोव्हेंबर 2014 मध्ये मतदानाने साखरयुक्त पेयांवर स्वतःचा कर बसवला. आपल्या नगरपरिषदेला तो अधिकार नाही. केरळ राज्याने 2016 मध्ये ब्रँडेड उपाहारगृहांतील पिझ्झा-बर्गरवर लावलेला 14.5 टक्के करही पुढच्याच वर्षी वस्तू व सेवा करात विरून गेला. लंडनच्या वाहतूक प्राधिकरणाने फेब्रुवारी 2019 पासून स्वतःच्या बस, थांबे आणि भुयारी रेल्वेवर अशा पदार्थांच्या जाहिराती बंद केल्या. हे आपल्याकडेही जमण्यासारखे आहे, कारण बसथांबा नगरपरिषदेचा असेल तर त्यावरचा फलकही तिचाच असतो.

एवढ्याने मधुमेह थांबेल, असा माझा दावा नाही. घरातला चहा, बेकरीचे पदार्थ आणि आनुवंशिकता यांपुढे नगरपरिषदेचे काही चालत नाही. शिवाय 50 मीटरच्या नावाखाली भेळवाल्याची गाडी उचलायची आणि पक्क्या दुकानातील पाकिटांकडे डोळेझाक करायची, असे होऊ नये.

आपल्या गावच्या शाळेच्या किंवा नगरपरिषद रुग्णालयाच्या उपाहारगृहाचा करार माहितीच्या अधिकारात मागवा. कोणते पदार्थ विकावेत याची अट त्यात नसेल, तर पुढील निविदेत भाडे ठरावीक ठेवून पदार्थांची यादी व किंमत यांवर गुण द्यावेत, अशी लेखी मागणी मुख्याधिकाऱ्यांकडे करून पोच घ्या. ही मागणी जाहिरात निघण्यापूर्वी करावी. एकदा करारावर सह्या झाल्या की त्याची मुदत संपेपर्यंत कोणी ऐकून घेत नाही.