नदीकाठचं वावर दरवर्षी का ढासळतं? (पैनगंगेच्या काठावरच्या शेतकऱ्याचा प्रश्न)

पूर चढताना जेवढा काठ जात नाही, तेवढा पूर उतरताना जातो. काळी माती पाणी पिऊन जड झालेली असते आणि नदीची पातळी भराभर खाली गेली की तिला बाहेरून रेटून धरणारं पाणीच उरत नाही. मग कपाशीची उभी पऱ्हाटी घेऊन काठाचा अख्खा तुकडा खाली बसतो. त्याची तयारी उन्हाळ्यातच झालेली असते: काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, काठाला समांतर. पहिल्या पावसाचं पाणी थेट त्यांत शिरतं.

तुमचं वावर वळणाच्या बाहेरच्या अंगाला असेल तर धार तिथेच आदळते. त्यात पात्रातली रेती बेसुमार उपसली की काठाचा पाया उघडा पडतो. मला हे सगळ्यात घातक वाटतं, कारण हे माणसाने केलेलं आहे आणि थांबवता येतं. ग्रामसभेत विषय घ्याच.

काठापासून नांगराच्या काही ओळींएवढी जागा सोडून द्या, तिथे नांगर घालू नका. बांबू, करंज, वाळा लावा. वावरातलं पाणी काठावरून सरळ पडू देऊ नका, धुऱ्याने (बांधाने) वळवून दगड रचलेल्या जागेतून उतरवा. ऐन वळणावर मात्र धार जोराची असेल तर झाडं पुरत नाहीत. तिथे जाळीत बांधलेले दगडच लागतात, आणि ते एकट्याच्या खिशाचं काम नाही.

जमीन खरडून गेली असेल तर तलाठ्याला लगेच कळवून पंचनामा करून घ्या. पीक गेलं आणि जमीन गेली, या दोन वेगळ्या नोंदी आहेत. दोन्ही लिहिल्यात का, ते सही करण्याआधी वाचा.