ऑस्ट्रेलियातल्या एबेनेझर चर्चला जमीन कोणी दिली आणि त्याचं स्मरण कसं करावं?

ओवेन कॅव्हानो यांनी. १७८८ मध्ये ब्रिटनमधून कैद्यांना घेऊन ऑस्ट्रेलियात आलेल्या पहिल्या ताफ्यातल्या ‘सिरियस’ जहाजावरचा हा खलाशी; कैदी नव्हे. पुढे सिडनीजवळ हॉक्सबरी नदीकाठी त्याला सरकारकडून जमीन मिळाली, त्यातलाच तुकडा त्याने चर्चला दिला. १८०२ मध्ये ‘कोरोमंडल’ जहाजाने आलेल्या कुटुंबांनी आणि शेजारच्या शेतकऱ्यांनी मिळून १८०९ मध्ये तिथे दगडी चर्च उभं केलं. त्याच इमारतीत शाळाही भरायची. देशातलं आज उभं असलेलं सर्वांत जुनं चर्च हेच.

स्मरण म्हणाल तर दात्याचं नाव हवंच. पण माझ्या मते तिथल्या मूळ रहिवासी दारूग लोकांचा उल्लेख नसलेली पाटी अर्धवटच. सरकारने वाटली ती जमीन मुळात त्यांची होती.