वाचक विचारतात: गोळी घेऊन वय मागे नेता येतं का?

प्रश्न: मी गुहागर तालुक्यात राहते, वय 61. मुलगा पुण्याला असतो, तो म्हणतो आई तुझी बायोलॉजिकल एजची टेस्ट करूया आणि मग अँटी एजिंगच्या गोळ्या चालू कर, शिवाय दुपारपर्यंत काही खायचं नाही. मी आठवडाभर करून बघितलं, हातपाय गळून जातात. आमचं खाणं साधंच, भात मासे सोलकढी. सकाळी मिश्री लावते तेवढी सोडली तर व्यसन काही नाही. प्रेशरची गोळी चालू आहे. काय करू?

उत्तर: ताई, आधी ते दुपारपर्यंत उपाशी राहणं बंद करा, आजच. प्रेशरची गोळी घेऊन पोट रिकामं ठेवलं आणि चक्कर येऊन अंगणात पडलात तर खुब्याचं हाड मोडायला वेळ लागत नाही.

टेस्टचं म्हणाल तर बायोलॉजिकल एज म्हणजे जन्मतारखेचं नाही, शरीर आतून किती म्हातारं झालंय ते वय. आपल्या डीएनएवर मिथाइल नावाच्या छोट्या रसायनाच्या खुणा असतात, वयाबरोबर त्या बदलतात, स्टीव्ह होर्वाथ या शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये अशा 353 जागांवरून वय काढायचं गणित मांडलं आणि मग वय मोजणारी अशी बरीच गणितं, म्हणजे 'घड्याळं', निघाली. पण एकाच माणसाचं वय दोन घड्याळं वेगवेगळं दाखवतात. कमी खाण्यावर अमेरिकेत दोन वर्षांचा मोठा प्रयोग झाला, 25 टक्के कमी खायचं ठरलं होतं, जमलं साधारण 12 टक्के, आणि म्हातारपणाचा वेग एका घड्याळात 2-3 टक्के मंदावला, बाकी दोन घड्याळांत काहीच फरक नाही! त्यातली माणसंही पन्नाशीच्या आतली. तुमच्या वयाला कमी खाल्लं की चरबीबरोबर मांसही झडतं, आणि मला तुमच्या बाबतीत काळजी वाटते ती त्या मांसाचीच.

पूर्वी आपल्याकडे बायका पाखाडी (दगडी पायऱ्यांची चढाची वाट) चढून पाणी आणायच्या, लाकडं आणायच्या, भात लावायच्या. आता नळ दारात, गॅस घरात, बाजाराला रिक्षा. ते कष्ट परत यावेत असं मी अजिबात म्हणणार नाही पण पायांना काम हवंच ना. रोज अर्धा तास जरा दम लागेल असं चाला, पाखाडी असेल तर तीच चढा उतरा, आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस खुर्चीवरून हात न टेकता दहा-बारा वेळा उठबस करा.

खाणं चांगलंच आहे तुमचं, फक्त भाताचा डोंगर कमी करून कुळथाची पिठी जरा दाट करा, एक वेळ नाचणीची भाकरी (100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, हाडांसाठी सोनं आहे ते). बांगडा आणि तारली आठवड्यातून दोनतीनदा, तळून नको, तिखलं करा. या माशांत ओमेगा थ्री भरपूर. युरोपात सत्तरीच्या पुढच्या लोकांना तीन वर्षं रोज एक ग्रॅम ओमेगा थ्री देऊन बघितलं तेव्हा घड्याळं तीनेक महिन्यांनी मागे पडली, म्हणजे फायदा आहे पण एवढासाच, त्यासाठी महागड्या गोळ्यांची बाटली कशाला, दारात येणारी म्हावरेवाली आहे की. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा मात्र सुकट आणि खाऱ्या माशावर जोर नको, प्रेशरवाल्याला मीठ वाईट. सुकट दोनतीन पाण्यांतून काढा, वरून मीठ घालू नका.

आणि ताई, "तेवढी सोडली तर" असं लिहिलंयत ना, तीच सगळ्यात आधी सोडायची आहे. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, हिरड्यांतून रोज निकोटीन रक्तात जातं, प्रेशर वाढतं, तोंडाच्या कॅन्सरचा धोका असतो. कितीतरी घरांत आई-आजीपासून चालत आलंय म्हणून कोणाला ते व्यसन वाटतच नाही, मला याचं फार वाईट वाटतं. एकदम जमलं नाही तर दिवसातून किती वेळा लावता ते मोजा आणि दर आठवड्याला एक वेळ कमी करा. तंबाखू सोडणाऱ्यांसाठी सरकारी मोफत फोन आहे 1800112356, मुलालाच लावून द्यायला सांगा. आणि तोंडात पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर या आठवड्यातच दाखवून या.