मावशी, एक धिरडं!

प्रश्न : मुलगा दक्षिण कोरियात सुवॉनला नोकरीला आहे. ऑक्टोबरात मी पहिल्यांदाच तिकडे जातेय. सोलच्या ग्वांगजांग बाजारात बाकड्यावर बसून जेवायची फार इच्छा आहे. पण मी मासमच्छी खात नाही, अंडं चालतं. मुलगा म्हणतो, ‘आई, तुला तिथे नुसतं पाणी प्यावं लागेल.’ खरंच का? आणि खर्च किती येईल?
– एक वाचक, सांगली

उत्तर : चिरंजीव स्वतः त्या बाजारात जेवलेले दिसत नाहीत! मी सहा वर्षं सोलमध्ये होते आणि अंडं सोडलं तर तुमच्याच पंगतीतली. त्या बाकड्यांवरून उपाशी कधी उठले नाही. फसले मात्र एकदा, तेही भाषेमुळे.

पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. ‘गोगी’ म्हणजे मांस एवढं शिकून गेले होते. एका स्टॉलवर ‘गोगी नको’ म्हणाले, बाईंनी मान डोलावली आणि वाफाळता कालगुक्सु पुढे ठेवला. कालगुक्सु म्हणजे सुरीने कापलेल्या कणकेच्या पट्ट्या, पातळ रश्श्यात. आपल्या चकोल्याच की! अर्धा वाडगा संपला आणि मग बाईंनी पातेल्यातून झारा भरून सुकी मासळी बाहेर काढली. त्यांची चूक काहीच नव्हती. त्यांच्या हिशेबी ‘गोगी’त मासळी येतच नाही. म्हणून ‘सेंगसॉन’ (मासे) आणि ‘म्योल्ची’ (रश्श्यात घालतात ती बारीक सुकी मासळी) हे शब्दही पाठ करा. सोपा नियम हवा असेल तर जे रश्श्यात आहे ते सोडायचं. लालभडक तॉकबोकीसुद्धा. दिसतात तांदळाच्या कांड्या, पण रस्सा बहुधा मासळीचाच. ‘सुंदे’ हे आइस्क्रीमसारखं नाव ऐकून तर मुळीच भुलू नका. ती डुकराच्या आतड्यात रक्त आणि शेवया भरून केलेली असते.

आता तुमचं जेवण. बिंदेत्तोक! भिजवलेले मूग स्टॉलवरच विजेवर फिरणाऱ्या दगडी जात्यात वाटतात, त्यात मुगाचे मोड आणि कांद्याची पात घालून बचकभर तेलात जाड धिरडं परततात. कडा कुरकुरीत, पोटात मऊ. सोबत सोयासॉस-व्हिनेगरमधला कच्चा कांदा. काही ठिकाणी पिठात डुकराचं मांस घालतात, तेव्हा आधी विचारायचं. त्याच तव्यावर शेजारी खिम्याच्या टिक्क्याही तळत असतात, हेही सांगून ठेवते. ते चालणार नसेल तर पुढच्या स्टॉलवर ‘मायाक गिम्बाप’ घ्या. करंगळीएवढे भाताचे रोल, बाहेर समुद्री शेवाळाचा कागद, आत गाजर आणि पिवळा मुरवलेला मुळा, वरून तिळाचं तेल. मोहरीच्या झणझणीत सॉसमध्ये बुडवून खायचे. (मायाक म्हणजे अमली पदार्थ. चटक लागते म्हणून हे नाव!) फुकट मिळणाऱ्या किमचीत (तिखट मुरवलेल्या कोबीत) मात्र बहुतेकदा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा सॉस असतो.

मी 2023 मध्ये गेले तेव्हा धिरडं 5000 वॉन आणि रोलची बशी 3000 वॉन होती. 1000 वॉनचे साधारण 60-65 रुपये धरा, म्हणजे पोटभर जेवण पाचशेच्या आसपास. आता थोडं वाढलं असेल. पाटीवरचा भाव बोट दाखवून नक्की करायचा आणि मगच बसायचं. टिप द्यायची पद्धत नाही. माणशी एक तरी पदार्थ मागवावा, बाकड्यावर जागा थोडी असते.

सुवॉनहून मेट्रोची 1 नंबरची लाइन थेट बाजाराजवळच्या ‘जोंगनो 5-गा’ स्टेशनला जाते, गाडी बदलायची गरज नाही. रविवारी जाऊ नका, खाणं मिळतं पण कापडाची दुकानं बंद असतात. 1905 पासूनचा बाजार आहे, रेशमाचे तागे बघितल्याशिवाय तुम्ही परत येणार आहात थोड्याच!

एक राहिलं. जेवायच्या काड्या (चॉपस्टिक्स) भातात उभ्या खोचू नका, ते तिथे मृताच्या नैवेद्यासारखं दिसतं. आपल्याला पिंडाचा भात माहीत आहे, वेगळं सांगायला नको.

आणि स्टॉलवालीला हाक मारायची ती ‘इमो’. अर्थ मावशी, अगदी आईची बहीण. ‘इमो, बिंदेत्तोक हाना जुसेयो.’ हाना म्हणजे एक. मुलगा बरोबर असेल तर ‘दुल’ म्हणा, दोन. त्याला तुमच्यातलं अर्धं देऊ नका.