वरणाचं पाणी आणि ६० ग्रॅमचा हिशोब

हातरुमालाची घडी टेबलावर उलगडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आत लिंबाएवढा केसांचा पुंजका होता. "हे आजच्या एका न्हाण्यातले. मॅडम, ऑपरेशन करून घेतलं ते चुकलं का माझं?"

वय ४३, नाशिककडच्या, शाळेत शिक्षिका. वजन ११२ किलोवर गेलेलं, मधुमेह, गुडघ्यांनी दाद देणं बंद केलेलं. चार महिन्यांपूर्वी त्यांची वजन कमी करण्यासाठीची स्लीव्हची शस्त्रक्रिया झाली होती. या शस्त्रक्रियेत जठराचा साधारण तीनचतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी मागे राहते. आता काटा ८६ दाखवत होता. घरचे खूश, शाळेतल्या बायका गुपित विचारत होत्या, आणि या मात्र रोज संध्याकाळी अंथरुणाला पाठ टेकत होत्या. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि त्यांना विचारूनच लिहिते आहे.)

मी आहार समुपदेशक आहे. या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न केसांपासूनच सुरू होतो. म्हणून आधी केसांचंच सांगितलं. शरीराला मोठा धक्का बसला, वजन झपाट्यानं उतरलं, की बरेचसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळू लागतात. बाळंतपणानंतर किंवा टायफॉइडनंतर होतं तसंच. मुळं शाबूत असतात, केस परत येतात. पण पोटात प्रोटीन, लोह, जस्त कमी जात असेल तर हे गळणं लांबतं. "म्हणून मला केसांपेक्षा तुमच्या ताटात जास्त रस आहे," मी म्हणाले. "कालचा दिवस सांगा. चहापासून."

चहा, दोन बिस्किटं. अकरा वाजता नाचणीची पेज, अर्धी वाटी. दुपारी अर्धी वाटी वरणाचं पाणी, त्यात चमचाभर मऊ भात. चार वाजता नारळपाणी. परत चहा. रात्री दुधीची भाजी आणि अर्धी पोळी, झोपताना अर्धा कप दूध. आठवड्यातून एक उपवास, त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, चार घास.

मी बेरीज केली. दिवसाचं प्रोटीन कसंबसं १४-१५ ग्रॅम. त्यांच्या सर्जननं फाइलीत स्वच्छ लिहिलं होतं, रोज ६० ते ८० ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीत निरोगी माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगितलं आहे. त्यांच्या उंचीला साजेसं वजन ५५ धरलं तर ते ४५ ग्रॅमच्या आसपास येतं. शस्त्रक्रियेनंतर जखम भरायची असते, शिवाय खाणं इतकं कमी असतं की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून वापरायला लागतं. म्हणून किमान ६०. जठराची बायपास (वजन कमी करण्याचीच दुसरी शस्त्रक्रिया) झालेल्यांना कधी याहून जास्त लागतं, ते त्यांचा सर्जन ठरवतो.

"पण मी वरण रोज खाते की!"

माझ्या टेबलाच्या खणात एक छोटा वजनकाटा आणि बरणीत तूरडाळ असते. ३० ग्रॅम डाळ मोजून मी त्यांच्या तळहातावर ठेवली. जेमतेम मूठ भरली. एवढ्या डाळीत साडेसहा ग्रॅम प्रोटीन. तुमच्या घरी एवढ्या डाळीचं वरण किती वाट्या होतं, विचारलं. त्यांनी मनातल्या मनात कुकर लावला असावा. "तीन तरी होतात. आणि माझ्यासाठी आई वरचं पाणी काढतात, खाली बसलेली डाळ नसते त्यात." म्हणजे त्यांच्या अर्ध्या वाटीत एक ग्रॅमसुद्धा नव्हतं. त्या बराच वेळ हातातली डाळ बघत राहिल्या.

पातळ म्हणजे पचायला हलकं, आणि हलकं म्हणजे आजाऱ्याला पौष्टिक, ही आपल्या घराघरांतली समजूत आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत पातळच घ्यायचं असतं, त्यामुळे ती आणखी पक्की होते. पुढे दाट, मग मऊ, आणि दोन महिन्यांच्या आत-बाहेर नेहमीचं खाणं सुरू व्हायला हवं. बरीच माणसं पहिल्याच पायरीवर थांबतात. मांसाहारी घरांतही हेच दिसतं. मालवणकडचे एक काका माशाच्या कालवणाचा रस्सा भुरकायचे आणि तुकडा ताटात ठेवायचे. त्यांनाही मी एवढंच सांगितलं होतं, रस्सा राहू दे, तुकडा खा.

पण या बाईंच्या बाबतीत गोष्ट तेवढ्यावर संपणारी नव्हती. चार महिने झाले तरी पेजच का, असं मी दोनदा विचारलं. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, घट्ट खाल्लं की दाटतं. दुसऱ्यांदा खिडकीकडे बघत हळूच म्हणाल्या, "पातळ खाल्लं की काटा भराभर खाली येतो. आणि जास्त खाऊन पोट परत ताणलं तर?"

मला हे ऐकायचं होतं. शाळेच्या वयापासून या बाईला "खाऊ नकोस" एवढंच ऐकवलं गेलं आहे. लग्नात ऐकवलं, बाळंतपणात ऐकवलं, डॉक्टरांनी ऐकवलं. तिला आता कुणी "खा" म्हटलं तर तिचा विश्वास कसा बसावा? त्यांच्या लेखी प्रत्येक घास म्हणजे ११२ कडे परतीचा रस्ता होता. या भीतीला नावं ठेवून काही होत नाही. मी त्यांना फक्त उठायला सांगितलं. हाताची घडी छातीवर, आणि खुर्चीवरून उठायचं-बसायचं, अर्धा मिनिट, जमेल तितक्या वेळा. आठ वेळा झालं. नवव्यांदा त्यांनी खुर्चीचा हात धरला.

"काट्यावरून गेलेले २६ किलो सगळे चरबीचे नाहीत," मी म्हणाले. "त्यात तुमच्या मांड्यांचे स्नायूही आहेत. बसल्या जागीही ऊर्जा खर्च करतात ते हेच स्नायू. ते गेले तर पुढे वजन परत चढायला वाट मोकळी होते." त्या रडल्या. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि गप्प बसले.

त्या दिवशी मी आहाराचा तक्ता दिला नाही. आधी सर्जनकडे परत पाठवलं, रक्त तपासायला. हे मी टाळत नाही, कारण ताटानं सुटणारा प्रश्न कुठला आणि न सुटणारा कुठला ते आधी कळायला हवं. पायांना सूज असेल, उलट्या थांबत नसतील, पायांत मुंग्या येत असतील, चालताना तोल जात असेल किंवा डोळ्यांना दोन-दोन दिसत असेल, तर समुपदेशकाची वेळ घेत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सततच्या उलट्यांनी बी-१ जीवनसत्त्व फार लवकर संपतं आणि त्याचा घाव मेंदूवर, नसांवर बसतो. यांना यातलं काही नव्हतं. लोहाचा साठा मात्र तळाला गेला होता आणि बी-१२ कमी होतं. महिन्याभरापासून गोळ्या बंद केल्या होत्या, "वजन उतरलं, आता कशाला" म्हणून. लोह, बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व या गोळ्या आता जन्मभराच्या आहेत, हे त्यांना सर्जननं पुन्हा समजावलं.

पुढच्या खेपेला मी सासूबाईंना बरोबर बोलावलं. स्वयंपाक त्यांच्या हातात, घरात अंडंही येत नाही. त्या जराशा रागातच आल्या होत्या. "मी काय उपाशी ठेवते का हिला? बाळंतिणीला, आजाऱ्याला पातळच द्यायचं असतं." मी म्हटलं, "काकू, तुमच्या वाढण्यात कमी नाही. हिचं पोट आता एवढंसं आहे." वाटी पुढे ठेवली. "यात पाणी भरलं की दुसरं काही मावत नाही. यात बसेल असं, पण अंगाला लागेल असं, तुमच्या स्वयंपाकातलं काय आहे?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पिठलं चालेल? घट्ट?"

चालेल म्हणजे काय, पळेल. २५ ग्रॅम बेसनात साधारण साडेपाच ग्रॅम प्रोटीन. मग त्यांनाच सुचत गेलं. मुगाचं धिरडं, मऊसर. दही फडक्यात बांधून चक्का, साखर न घालता, वर मिरपूड: १०० ग्रॅमला आठ-नऊ ग्रॅम. पनीर कुस्करून, ५० ग्रॅमला नऊ. सोयाबीनच्या वड्यांना त्यांनी नाक मुरडलं. मी त्या उकळून, घट्ट पिळून, मिक्सरमधून काढून मटाराबरोबर परतायला सांगितल्या. २० ग्रॅम सुक्या वड्यांत दहा ग्रॅम प्रोटीन असतं, शाकाहारी घरात याच्या जवळ जाणारं फार काही नाही. (अंडी-मासे खाणाऱ्यांचं काम सोपं. एका अंड्यात सहा ग्रॅम. चिकनचा कोरडा तुकडा पहिल्या महिन्यांत अडकतो, तो खिमा करून.)

एवढं सगळं करूनही ४० ग्रॅमच्या आसपास गाडी अडते, हे मी पहिल्यांदाच सांगितलं होतं. उरलेलं व्हे प्रोटीनच्या पावडरीतून. त्यावर बाईंच्या यजमानांचा फोन आला: "ते जिममधल्या पोरांचं. किडनी जाते म्हणे." मूत्रपिंडाचा आजार आधीपासून असेल तर प्रोटीन किती घ्यायचं ते डॉक्टरच सांगतील. यांचं क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) सर्जननं पाहिलं होतं, ठीक होतं, आणि ६०-७० ग्रॅम म्हणजे काही पैलवानाचा खुराक नव्हे. व्हे हे दुधाचं चीज करताना उरणाऱ्या निवळीतलं प्रोटीन, वाळवून केलेलं. एका मापात साधारण २५ ग्रॅम. दूध सोसत नसेल तर त्यातलाच आयसोलेट प्रकार घ्यायचा, त्यात दुधातली साखर अगदी कमी असते.

पहिल्या दिवशी त्यांनी ती उकळत्या दुधात टाकली. गुठळ्या झाल्या, वास आला, बेसिनमध्ये गेली. कोमट किंवा गारच हवं, हे सांगायला मी विसरले होते, ती माझी चूक. मग जिऱ्याच्या गार ताकात अर्धं माप सकाळी आणि अर्धं दुपारी चारला, तासभर घोट घोट. नारळपाण्याची वेळ त्यांना मोकळीच होती.

बाकी सांगण्यासारखं थोडंच. ताटात प्रोटीनचा घास आधी, मग भाजी, जागा उरली तर पोळी-भात. जेवताना आणि नंतर अर्धा तास पाणी नाही. घास बारीक चावायचा, वीस मिनिटं द्यायची, आणि पोट "बस" म्हणालं की एक घासही पुढे नाही. पोट ताणण्याची त्यांची भीती मी इथेच कामाला लावली: पोटाला "बस" म्हणू द्यायचं आणि ते ऐकायचं. पहिल्या आठवड्यात त्या ३० ग्रॅमपर्यंत पोचल्या, तिसऱ्यात ४५, दीड महिन्यानं ६०. मधे एक आठवडा काटा हललाच नाही आणि त्यांनी घाबरून दोन दिवस परत पेज धरली. मग स्वतःच फोन करून सांगितलं. तो फोन मला ६० ग्रॅमपेक्षा मोलाचा वाटला.

केस आणखी दोन महिने गळले. मी तसं आधीच सांगितलं होतं, म्हणून त्या डगमगल्या नाहीत. आता कपाळाच्या कडेला बोटाच्या पेराएवढे नवे केस उभे राहिले आहेत, विंचरले तरी बसत नाहीत. खुर्चीवरून त्या तेरा वेळा उठतात.

मागच्या आठवड्यात दोघी पुन्हा आल्या. आषाढी जवळ आली होती आणि उपवासाचं काय, हा सासूबाईंचा प्रश्न होता. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नाहीच, तो नुसता पिष्टाचा गोळा. म्हणून प्रसादापुरते दोन चमचे. बाकी राजगिऱ्याचं थालीपीठ, चक्का, पनीर, दाण्याची आमटी थोडी घट्ट. सगळं लिहून झालं, तशा सासूबाई थांबल्या. "आणि ती पावडर? उपवासाला?"

मी काही बोलायच्या आत सून म्हणाली, "आई, दुधाचीच आहे ती."

"मग चालेल," म्हणून त्यांनी कागदाची घडी पिशवीत ठेवली.